स्फटिकाचा आरसा आणि फुलांचे बेट

इतिहासलेखन हे ख्रिस्ती परंपरेला कधीच परके नव्हते. संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच लेखनामागची भूमिका मांडतो. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची साक्ष, मुळापासून घेतलेला शोध आणि घटनांची लावलेली संगती या तीन गोष्टींवर त्याचा भर आहे. पुढे ख्रिस्तसभेत जे जे इतिहासकार झाले त्यांना याच तीन कसोट्या लावून पाहणे न्यायाचे ठरेल. सतराव्या शतकात अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांचा इतिहास लिहिणारे फ्रान्सिस्कन संन्यासी फ्रेय दियोगो दास शागस यांचे जीवन आणि लेखन या कसोट्यांवर पारखण्याचा प्रयत्न येथे करावयाचा आहे.

अझोर्स ही पोर्तुगालच्या पश्चिमेस, भर समुद्रात विखुरलेली नऊ बेटे. पंधराव्या शतकात पोर्तुगीज खलाशी तेथे पोहोचले तेव्हा त्यांवर मनुष्यवस्ती नव्हती. १४३९ साली वसाहतीस राजाज्ञा मिळाली आणि गुरेढोरे, गहू, द्राक्षवेल व क्रूस घेऊन माणसे तेथे उतरली. सर्वांत पश्चिमेकडची फ्लोरेस व कोर्व्हू ही दोन बेटे १४५२ साली दियोगो दे तैव्ह या दर्यावर्दीला सापडली. फ्लोरेस म्हणजे फुले. या फुलांच्या बेटावर, सांताक्रूझ नावाच्या गावी, १५८४च्या सुमारास आपल्या चरित्रनायकाचा जन्म झाला.

त्यांच्या नावातच एक प्रार्थना आहे. 'शागस' म्हणजे जखमा, प्रभू येशूचे घाव. संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या देहावर १२२४ साली आल्व्हेर्ना पर्वतावर हेच घाव उमटले, अशी फ्रान्सिस्कन संघाची श्रद्धा आहे. पुढच्या पिढीत याच संघात फ्रेय आगोस्तिन्यो दे मोंते आल्व्हेर्ने या नावाचे दुसरे इतिहासकार झाले. एकाने घावांचे नाव घेतले, तर दुसऱ्याने ते घाव जेथे उमटले त्या डोंगराचे. गरिबीचे व्रत घेतलेल्या या माणसांनी स्वतःचे असे काही ठेवले नाही. परंतु आपल्या बेटांच्या आठवणी मात्र जिवापाड जपल्या.

फ्लोरेस हे लहान आणि एकाकी बेट असले तरी साऱ्या जगाची वर्दळ त्याच्या दारावरून जात असे. हिंदुस्थानातून मसाल्याने भरून निघालेली पोर्तुगीज गलबते लिस्बनला परतताना याच बेटांच्या आश्रयाने येत. तेर्सेरा बेटावरील आंग्रा हे बंदर त्यांचे विसाव्याचे ठिकाण होते. गोव्याच्या आर्चबिशपांकडे चिटणीस राहिलेला डच प्रवासी लिन्सखोतेन १५८९ साली परतीच्या वाटेवर तेर्सेरा येथे अडकून पडला आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिला, ही गोष्ट आपल्याकडील इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. १५९२ साली तर फ्लोरेसच्या समुद्रातच इंग्रजांनी हिंदुस्थानातून येणारे 'माद्रे दे देऊश' हे प्रचंड जहाज लुटले. मिरी, लवंग, दालचिनी आणि जडजवाहीर यांनी ते भरलेले होते. त्या वेळी दियोगो जेमतेम आठ वर्षांचे होते. आपल्या किनाऱ्याचे वैभव ज्या वाटेने युरोपात जात होते, त्या वाटेवरचे हे मूल पुढे इतिहासकार झाले. आपला आणि त्यांचा संबंध एवढाच, परंतु तो खरा आहे.

ग्रंथ आणि त्याचे नाव

फ्रेय दियोगो यांच्या ग्रंथाचे नाव मोठे काव्यमय आहे. 'एस्पेल्यो क्रिस्तालिनो एं जार्दीं दे व्हारियास फ्लोरेस', म्हणजे नाना फुलांच्या बागेतील स्फटिकाचा आरसा. येथे फुले म्हणजे बेटे आणि त्यांवरील माणसे. परंतु लेखकाच्या जन्मबेटाचे नावही फुलेच आहे. जगाच्या दृष्टीने नगण्य असलेल्या आपल्या बेटाला त्यांनी अशा रीतीने ग्रंथाच्या मुखपृष्ठावर बसविले. सतराव्या शतकाच्या मध्यास हा ग्रंथ सिद्ध झाला. बेटांचा शोध, वसाहत, राजाने नेमलेले कप्तान, ख्रिस्तमंदिरांची उभारणी आणि एकेका घराण्याचा विस्तार असा त्याचा पसारा आहे.

लेखकाला स्वतःच्या काळातली मोठी घटनाही जवळून पाहावयास मिळाली. १५८० नंतर पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली होती. अझोर्समधील तेर्सेरा बेटाने त्याला विरोध केला आणि १५८३पर्यंत ते झुंजले. पुढे १६४० साली पोर्तुगालने चौथ्या जॉनला राजा घोषित केले, तेव्हा आंग्राच्या किल्ल्यातील स्पॅनिश शिबंदीला बेटकऱ्यांनी वेढा घातला. मार्च १६४२मध्ये तो किल्ला पडला. या हकीकतीवर फ्रेय दियोगो यांनी स्वतंत्र वृत्तांत लिहिला आहे. मठाच्या भिंतीआड राहणाऱ्याला बाहेरच्या जगाचे काय, असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

पूर्वसूरी आणि उत्तराधिकारी

फ्रेय दियोगो यांच्या आधी या बेटांचा इतिहास गास्पार फ्रुतुओझो यांनी लिहिला होता. ते संन्यासी नव्हते; आमच्यासारखेच धर्मग्रामाचे धर्मगुरू होते. १५२२ साली त्यांचा जन्म झाला आणि सालामांका येथे शिक्षण. १५६५पासून १५९१ साली मरण येईपर्यंत साव मिगेल बेटावरील रिबैरा ग्रांदी या गावी ते व्हिकार होते. त्यांचा सहा भागांचा ग्रंथ 'सौदादेस द तेरा', म्हणजे भूमीची ओढ. त्यात सत्य ही एक स्त्री आहे आणि ती कीर्तीला बेटांची कथा सांगते, अशी रम्य कल्पना त्यांनी योजली. त्यांच्या जन्मवर्षीच, ऑक्टोबर १५२२मध्ये, भूकंपाने डोंगर कोसळून व्हिला फ्रांका हे नगर चिखलात गाडले गेले. त्या काळरात्रीची हकीकत त्यांच्या ग्रंथात आहे. चाळीस दिवसांच्या उपवासकाळात साव मिगेलचे भाविक आजही बेटाभोवती पायी यात्रा करतात. त्या यात्रेचे मूळ तेथील लोक अशा आपत्तींमध्येच सांगतात.

फ्रुतुओझो यांच्या त्याच रिबैरा ग्रांदी गावात पुढे १६२९ साली फ्रेय आगोस्तिन्यो जन्मले. आपल्या फ्रान्सिस्कन प्रांताचा इतिहास त्यांनी लिहिला. म्हणजे एका व्हिकाराने पेटविलेली समई एका संन्याशाने तेवत ठेवली आणि ती दुसऱ्याच्या हाती दिली. या तिघांची तुलना केली तर असे दिसते की, प्रतिभा फ्रुतुओझो यांच्याकडे अधिक, आपल्या संघाचा जिव्हाळा फ्रेय आगोस्तिन्यो यांच्याकडे अधिक आणि कागदपत्रांची चाड फ्रेय दियोगो यांच्याकडे अधिक.

गुण आणि उणिवा

कागदपत्रांची ही चाड हाच फ्रेय दियोगो यांचा पहिला मोठा गुण. राजाची दानपत्रे, नगरसभांचे कागद, देवळांच्या नोंदी यांचा आधार घेऊन ते बोलतात. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली विवाहाच्या नोंदवह्या ठेवण्याचा नियम घातला. स्नानसंस्काराच्या वह्याही त्याच काळात सर्वत्र रुळल्या. धर्मगुरूची ही रुक्ष वही म्हणजे इतिहासाचे कच्चे सोने आहे, हे ज्या थोड्या लोकांनी ओळखले त्यांत या संन्याशाची गणना करावी लागेल. संत लूकच्या साक्ष आणि शोध या दोन कसोट्यांवर ते निःसंशय उतरतात.

तिसऱ्या कसोटीवर मात्र ते तितकेसे उतरत नाहीत. वंशावळींच्या दाट झाडीत कथनाची वाट वारंवार हरवते. कोणाचा मुलगा कोणाच्या मुलीशी लग्न करून कोणत्या बेटावर गेला, याच्या याद्या वाचून सामान्य वाचक थकून जातो. फ्रुतुओझो यांची सत्य आणि कीर्ती बोलू लागली की आपण ऐकत राहतो. फ्रेय दियोगो यांच्या आरशात चेहरे पुष्कळ, पण बोलणारे ओठ थोडे.

याहून गंभीर उणीव दृष्टीची आहे. या वंशावळी मुख्यतः कुलवंतांच्या आहेत. जमीन ज्याला इनाम मिळाली त्याचे नाव येते. जमीन ज्याने नांगरली त्याचे क्वचितच येते. बेटांवर गुलामही होते, परंतु त्यांच्या वंशाची वेल कोणी काढली नाही. येथे संत मत्तयाची आठवण होते. त्यानेही शुभवर्तमानाचा आरंभ वंशावळीने केला. परंतु त्या वंशावळीत त्याने तामार, राहाब आणि रूथ या स्त्रियांना सन्मानाने बसविले. परकी, गरीब, लोकांनी बोटे दाखविलेली माणसे तारणाच्या इतिहासातून त्याने पुसली नाहीत. दरिद्रीनारायणाची सेवा करणाऱ्या संत फ्रान्सिसच्या पुत्राने हा धडा अधिक मनावर घ्यावयास हवा होता. त्या काळची रीतच तशी होती, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु शुभवर्तमान त्या काळच्याही आधीचे होते.

आणखी एक गोष्ट समीक्षकाने नोंदविली पाहिजे. अझोर्सची बेटे मुळात निर्मनुष्य होती. तेथील इतिहासकार 'आम्ही' म्हणतो तेव्हा समोर कोणी 'ते' नसतात. कोणाचे दैवत मोडले नाही, कोणाचे शेत बळकावले नाही. म्हणून या लेखनात एक निरागसपणा आहे. पूर्वेकडे आलेल्या संन्याशांना ही निरागसता परवडणारी नव्हती. फ्रेय दियोगो यांचे समकालीन फ्रेय पाउलो दा त्रिंदादे हेही फ्रान्सिस्कनच. जन्म मकावचा, मृत्यू १६५१ साली गोव्यात. त्यांनी 'कोंकिस्ता एस्पिरितुआल दो ओरिएंते' हा ग्रंथ लिहिला. नावाचा अर्थच पूर्वेचा आध्यात्मिक विजय! जेथे विजय आहे तेथे जिंकलेला आणि हरलेला आलाच. साष्टी बेटावरील मंडपेश्वरच्या लेण्यांत सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी उपासनास्थळ केले. याकडे जिंकणारा एका डोळ्याने पाहतो आणि ज्यांची ती लेणी होती ते दुसऱ्या डोळ्याने. दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचणे हे आजच्या ख्रिस्ती वाचकाचे कर्तव्य आहे. त्याने श्रद्धेला बाध येत नाही. उलट ती प्रामाणिक होते.

आपल्यापुरता बोध

या ग्रंथांचे भाग्यही विचार करण्याजोगे आहे. लेखक हयात असताना छापला गेला तो येशूसंघीय फादर आंतोनियो कोर्देइरो यांचा 'इस्तोरिया इन्सुलाना' हा १७१७ सालचा ग्रंथ, आणि तोही पुष्कळसा फ्रुतुओझो यांच्या आधाराने लिहिलेला. स्वतः फ्रुतुओझो यांच्या ग्रंथाचा मदैरा बेटाविषयीचा भाग १८७३ साली छापून निघाला. फ्रेय आगोस्तिन्यो यांचा इतिहास १९६० नंतर प्रसिद्ध झाला. त्रिंदादे यांचे हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पडून होते, ते १९६२ ते १९६७ या काळात लिस्बनला छापले गेले. फ्रेय दियोगो यांचा स्फटिकाचा आरसा तर १९८९ साली, म्हणजे सुमारे साडेतीनशे वर्षांनी, वाचकांसमोर आला. त्यांच्या जन्मगावच्या फ्रान्सिस्कन मठात फ्लोरेस बेटाचे संग्रहालय झाले आहे. कीर्ती मिळेल म्हणून लिहिणाऱ्याला इतका धीर धरवला नसता. हे लेखन सेवा म्हणून झाले, म्हणूनच ते टिकले.

आता आपल्याकडे पाहू. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' राशोल येथे छापले गेले. आपल्या भाषेत तारणाचा इतिहास आला, हे त्यांचे ऋण फिटणारे नाही. परंतु ज्या गावांनी तो ऐकला त्या गावांचा इतिहास गावकऱ्याने लिहिला नाही. वसई, साष्टी, चौल येथील आपल्या पूर्वजांविषयी जे लिहिले गेले ते बहुतेक बाहेरून आलेल्या धर्मोपदेशकांनी, आणि त्यात ते स्नानसंस्काराच्या आकड्यांपुरते येतात. किती जणांना दीक्षा दिली हे कळते. त्या जणांना काय वाटले हे कळत नाही. १७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती गेली, संन्याशांचे मठ ओस पडले, किल्ल्यात आज त्यांच्या भिंती उभ्या आहेत. गावे मात्र राहिली आणि श्रद्धाही राहिली. फुलांच्या बेटाला आपल्याच मातीतला एक दियोगो मिळाला. आपल्या वाडीला तो त्या काळी मिळाला नाही, ही आपल्या इतिहासातली मोठी रिकामी जागा आहे.

ती जागा भरणे अजूनही शक्य आहे. धर्मग्रामाच्या जुन्या वह्यांना वाळवी लागण्यापूर्वी त्यांची नक्कल करून ठेवावी. लग्नातील गाणी, शेतांची नावे, विहिरी कोणी खणल्या, दुष्काळात कोणी कोणाला तांदूळ दिला, हे वृद्ध माणसांना विचारून लिहून काढावे. परंतु लिहिताना फ्रेय दियोगो यांची उणीव टाळावी आणि गुण घ्यावा. पाटलाचे नाव येईल तसे सालदाराचेही यावे. क्रूस ज्याने दान दिला त्याची नोंद होते. त्या क्रूसासाठी दगड ज्या बाईने डोक्यावरून वाहिले तिचीही व्हावी. आरसा स्फटिकाचा असला तरी तो कोणासमोर धरावयाचा हे धरणाऱ्याच्या हातात असते. ख्रिस्ती इतिहासकाराने तो घरातल्या शेवटच्या माणसापर्यंत फिरवावा.