ख्रिस्ती देवळांच्या उंच खिडक्या व कार्ल्याचें लेणें

कार्ल्याच्या चैत्यगृहाची तुलना फर्ग्युसननें १८७६ च्या ग्रंथांत ख्रिस्ती देवळाशीं केली. मधलें दालन, दोहों बाजूंस खांबांच्या ओळी, शेवटीं अर्धवर्तुळ, हें साम्य उघड आहे. परंतु केवळ नकाशा पाहणारे भिंत विसरतात. रोमच्या सांता साबिना (इ. स. ४२२–४३२) येथें मधल्या दालनाची भिंत बाजूच्या छपरांहून उंच नेली असून तींतील खिडक्यांच्या रांगा उजेड सर्वत्र पसरवितात. फ्रान्सांतील शार्त्र येथें ११९४ च्या आगीनंतर भिंतीस बाहेरून कमानींचे टेकू देऊन अशा खिडक्या खालच्या कमानींइतक्या उंच केल्या. कार्ल्यास दोहों बाजूंस डोंगरच; दर्शनी गवाक्षांतून एकवटलेला उजेड स्तूपावर पडतो. खुद्द फर्ग्युसननेंही हा उजेड वाखाणला आहे. तेव्हां साम्य मांडणीचें, प्रकाशाचें नव्हे. एकावरून दुसऱ्याची उत्पत्ति ठरविणें आम्हांस सयुक्तिक वाटत नाहीं.