नाळ दिसली, गळा दिसला नाही

परवा अमरावतीच्या एका कार्यक्रमात वक्ता विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरवर बोलला. पोटुशी विठाबाई बोर्डावर नाचली, मागं जाऊन बाळंत झाली, दगडानं नाळ ठेचली अन् पुन्हा नाचायला उभी राहिली. टाळ्याच टाळ्या! माये हात उठले नाहीत.

काहून? अकोल्यात मी ज्या जिनिंगात राबतो तिथं बाया ठेक्यावर. बाळंतपण आलं की हजेरी बंद, मजुरी बंद. त्याले कोणी शौर्य म्हणत नाही. फडातही तेच. खेळ थांबला की चूल थांबली.

१९२८ साली बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतरजेच्या बिलाच्या बाजूनं बोलले. १९२९ ला गिरणीतल्या बाईला कायदा मिळाला. तमाशातल्या बाईला मिळाली फक्त दंतकथा.

अमेरिकेत हॅटी मॅकडॅनियल ही ऑस्कर मिळवणारी पहिली काळी कलावंत. साल १९४०, भूमिका मोलकरणीची. त्या रात्री तिला बसायला टेबलही वेगळं! विठाबाईला १९९० साली राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला. २००२ साली ती हलाखीतच गेली. बक्षीस द्यायचं, बरोबरीची जागा द्यायची नाही, ही रीत दोन्हीकडं एकच.

अन् समीक्षा? ती विठाबाईच्या नाळेवर लिहिते, गळ्यावर नाही. तिनं शब्द कुठं तोडला, ताल कसा पेलला, वगात भूमिका कशी उभी केली, हे कोण लिहिणार? आपणही नाही लिहिलं. माझ्याच वहीत त्या दगडावर कविता होती. फाडली. आधी तिचं गाणं नीट ऐकतो, मग लिहितो.