आलेखातला खळगा

गोठणबिंदू काढण्याचा प्रयोग आपल्या प्रयोगवह्यांत इतक्या वर्षांपासून ठाण मांडून आहे की त्याच्याकडे नव्याने पाहावे असे कुणाला वाटत नाही. पदार्थ वितळवा, निवू द्या, दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा, आलेख काढा, आडव्या रेषेवरून उत्तर वाचा. कृती चुकीची नाही. पण तिच्याकडून आपण जे मागतो ते फारच थोडे आहे, आणि जे मागतो त्यापायी मुलांना खोटे लिहायला लावतो, अशी माझी तक्रार आहे.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातल्या एका शाळेत जानेवारीत जाणे झाले. सातपुड्यात थंडी कडक असते. शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यातल्या दाब परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तिथल्या शिक्षकांनी नेहमीचे नॅप्थॅलीन सोडून अकरावीच्या मुलांकडून ग्लेशिअल ॲसिटिक ॲसिडवर हा प्रयोग करून घेतला होता. निवड मला फार आवडली. नॅप्थॅलीन ८० अंशांना वितळते, म्हणजे दिवा आला, वर त्याची वाफ. काही ठिकाणी मेणबत्तीचे मेण वापरतात, ते तर मुळातच चूक. मेण हे अनेक पदार्थांचे मिश्रण असल्याने त्याला एक नेमका गोठणबिंदूच नसतो. ॲसिटिक ॲसिड मात्र १६.६ अंशांना गोठते. थंडीच्या सकाळी फडताळातली बाटली आपसूकच बर्फासारखी घट्ट होते. 'ग्लेशिअल' हे विशेषण त्यावरूनच पडले.

वह्या पाहिल्या. बहुतेकांचे उत्तर १६.६. एका मुलीचे १४.५, त्यावर लाल शाईची फुली आणि शेजारी १६.६.

वर्गातली तापमापी एकेक अंशाच्या खुणांची होती. डोळ्याने अंदाज घेतला तर फार तर अर्धा अंश वाचता येतो. तिच्यावर १६.५ वाचता येईल, १७ वाचता येईल, १६.६ वाचता येणार नाही. म्हणजे ज्यांना पूर्ण गुण मिळाले त्यांनी आकडा तापमापीवरून नव्हे, पुस्तकावरून घेतला होता.

मग १४.५ कुठून आले? तापमापी वितळत्या बर्फात धरून पाहिली, ती शून्यच दाखवत होती. बाटली मात्र आदल्या पावसाळ्यात उघडलेली, आणि बूच सैल. ॲसिटिक ॲसिड हवेतली वाफ शोषून घेते. एक किलो ॲसिडमध्ये एक मोल परका पदार्थ विरघळला की गोठणबिंदू ३.९ अंशांनी उतरतो. शंभर ग्रॅम ॲसिडात एक ग्रॅम पाणी, म्हणजे किलोमागे सुमारे ०.५६ मोल, हिशोबाने २.२ अंश, प्रत्यक्षात दोनच्या आसपास. मुलीने नोंदवलेली घट बरोबर एवढी. फुली पडलेले उत्तर बाटलीतल्या द्रवाविषयी खरे बोलत होते.

रसायनउद्योगात या प्रयोगाला किंमत आहे ती नेमकी याचसाठी. मळीपासून अल्कोहोल आणि अल्कोहोलपासून ॲसिटिक ॲसिड हा मार्ग महाराष्ट्रातल्या कारखान्यांना चांगला परिचयाचा. तिथे कुणाला १६.६ हा आकडा नव्याने शोधायचा नसतो. आलेला माल किती अंशांना गोठतो हे पाहून त्यात पाणी किती, हे ठरवायचे असते. राऊल्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात असल्याच मोजमापांतून विरघळलेल्या पदार्थाचे रेणुभार काढण्याची वाट दाखवली. आपल्या प्रयोगवहीत मात्र 'प्रमाणित किंमत' नावाचा रकाना छापलेला असतो आणि मूल आधी तोच पाहते.

दुसरी गोष्ट आलेखाची. छापील आलेखात रेषा उतरते, आडवी होते, पुन्हा उतरते. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. ॲसिटिक ॲसिड १६.६ वर येते आणि द्रवच राहते. १४, १२, कधी ११ पर्यंतही उतरते. मग एखादा स्फटिक धरतो, क्षणात नळीभर सुया पसरतात आणि पारा वर चढू लागतो! निवणारी वस्तू तापते आहे, हे मुलांना अजिबात पटत नाही. याला अतिशीतन म्हणतात. गोठताना ग्रॅममागे सुमारे १९५ ज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि द्रवाचा एक ग्रॅम एक अंशाने तापायला जेमतेम २ ज्यूल पुरतात. म्हणून पाच अंश खाली गेलेला द्रव पुन्हा वर आणायला त्याचा विसावा हिस्सा गोठला तरी भागते. अप्रकट उष्मा शिकवायला याहून चांगला प्रसंग मला माहीत नाही. आणि वह्यांमधून नेमका हाच खळगा गायब असतो. 'वाचन चुकले' म्हणून तो खोडला जातो, नाहीतर पट्टीने सरळ केला जातो. त्या मुलीच्या आलेखात तो होता. शिवाय तिची आडवी रेषा किंचित उतरती होती, आणि तेही बरोबरच, कारण ॲसिड गोठत जाते तसे पाणी उरलेल्या द्रवात साठत जाते.

ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांनी ॲसिडची नळी थेट बर्फात घालू नये, खळगा फार खोल जातो. नळी एका मोठ्या नळीत बसवून मध्ये हवेचा थर ठेवावा आणि ती ८-१० अंशांच्या पाण्यात धरावी. ढवळत राहावे. पारा चढून जिथे सर्वांत वर स्थिरावतो ते वाचन धरावे. ॲसिड कातडी भाजते आणि त्याची वाफ झोंबते, तेव्हा ओतण्याचे काम खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून शिक्षकांनीच करावे. मुलांनी वाचने घ्यावीत. बाटली वितळवायला दिवा मात्र कधीही नको. या ॲसिडची वाफ ३९ अंशांपासून ज्योतीने पेट घेऊ शकते, आणि नंदुरबार-शहाद्याकडे मे महिन्यात वर्गातली हवाच त्याहून तापलेली असते. बूच सैल करून कोमट पाण्यात ठेवली की पुरे. त्या वेळी एक गंमत दाखवता येते: पाण्यावर बर्फ तरंगतो, पण ॲसिडचे स्फटिक तळाशी बसतात.

निघताना त्या शिक्षकांशी बोललो. त्यांनी वही पुन्हा मागवली, लाल फुलीखाली सही केली आणि बाटलीवर ती उघडल्याचा महिना लिहून चिठ्ठी चिकटवली.