पाठ्यपुस्तकातला पैसा आणि बाबासाहेबांचा रुपया

ठाण्यातल्या एका रात्र महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवतो. माझे विद्यार्थी दिवसा वागळे इस्टेटमध्ये, डोंबिवलीच्या एमआयडीसीत, कल्याणच्या नाक्यावर राबतात आणि रात्री बाकावर येऊन बसतात. 'पैसा' हे प्रकरण दरवर्षी येते आणि ते शिकवताना दरवर्षी मी अवघडतो.

पाठ्यपुस्तकांतली कथा ठरलेली आहे. एकाकडे गहू, दुसऱ्याकडे कापड. गरजा जुळेनात, म्हणून माणसाने पैसा शोधला. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली ही कथा मांडली, जेव्हन्सने १८७५ साली तिचे सूत्र बांधले. निव्वळ वस्तुविनिमयावर चालणाऱ्या समाजाचे एकही वर्णन उपलब्ध नाही, असे मानववंशशास्त्रज्ञ कॅरोलिन हम्फ्री यांनी १९८५ साली लिहिले. तरी कथा चालूच आहे.

माझा आक्षेप आणखी एक आहे. या कथेतली दोन्ही माणसे मोकळी आहेत. सौदा पटला नाही तर ती उठून जाऊ शकतात. आमच्या गावात कोण उठून जाऊ शकत होते? महाराने वेसकरकी करायची, मेलेले ढोर ओढायचे, सांगावे पोचवायचे आणि सुगीत खळ्यावर जे पदरात पडेल ते बलुते म्हणून घ्यायचे. मोल ठरवण्याचा अधिकार नाही, नाकारण्याचाही नाही. हा कसला विनिमय? १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, त्यात बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करण्याची तरतूद होती. रोख मजुरी मोजता येते, तिच्यावर भांडता येते, ती घेऊन गाव सोडता येते. पाठ्यपुस्तकाला पैशाचे हे कार्य ठाऊकच नाही.

मात्र पैशाने जात संपवली, असे म्हणणेही भाबडेपणाचे ठरेल. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती आणि तिथेच अस्पृश्यांना मज्जाव होता. नाण्याला विटाळ नव्हता. ते जिथे मिळे त्या जागेला होता.

मी वर्गात पैशाची चार कार्ये सांगत होतो : विनिमयाचे माध्यम, मूल्यमापन, मूल्यसंचय, विलंबित देणी. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, वीटभट्टीवरची उचल कुठल्या कार्यात बसते?" पावसाळ्यात घेतलेली उचल कातकरी कुटुंब हंगामभर विटा थापून फेडते आणि हिशोबाची वही मालकाकडे असते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. पुस्तकातले 'विलंबित देणे' मात्र अजून निरागसच आहे.

बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. रुपयाचा परदेशी हुंडणावळीचा दर टिकवण्यापेक्षा देशात त्याची खरेदीशक्ती टिकणे महत्त्वाचे, आणि चलन काढण्यावर बंधन हवे, हे त्यांचे प्रतिपादन. केन्सने ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेतली होती तिला त्यांनी विरोध केला. हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी बजावले की, रुपया स्वस्त झाल्याने होणारा लाभ राष्ट्राचा नसतो. एका वर्गाचा तो लाभ दुसऱ्या वर्गाच्या पदरचा असतो. भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते. माझ्या वर्गाला हे उदाहरणावाचून कळते.

आता आपल्याकडे वळू. १९३५ साली सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेचे श्रेय बाबासाहेबांना देणारे फलक आपण जयंतीला लावतो. पण आपल्या किती अभ्यासवर्गांत हा ग्रंथ उघडला जातो? पुतळ्याइतकेच फलकावरही आपण समाधान मानतो. विषय अवघड आहे, हे कारण मला मान्य नाही. वतनाचा हिशोब ज्यांनी अंगावर काढला त्यांच्या मुलांना रुपयाचा हिशोब अवघड कसा?

यंदा मी प्रकरणाची सुरुवात बदलली. प्रत्येकाने घरच्या आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारून यायचे : तुमच्या हाती पहिली रोख मजुरी कधी आली आणि त्याआधी कामाचे काय मिळत होते? पुस्तकातला गहू आणि कापड त्यानंतर पाहू.