मालक आणि सोबती : मराठी साहित्यातील पाळीव प्राण्यांविषयी

मराठीत ‘पाळणे’ हे क्रियापद बऱ्याच कामांना येते. शब्द पाळतात, पथ्य पाळतात, सुतक पाळतात आणि जनावरही पाळतात. पाळलेल्या जनावराचे सुतक मात्र कुणी पाळत नाही. मागच्या उन्हाळ्यात सोलापुरात आमच्या घरची काळी कुत्री गेली. बारा वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे कामावर गेलो. चेहरा पाहून एका सहकाऱ्याने विचारले, मी सांगितले. तो म्हणाला, “कुत्रंच ना? दुसरं आणा की!” त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. या दुःखाला काय म्हणावे, एवढेच त्याला ठाऊक नव्हते. ते आपल्या साहित्याला तरी ठाऊक आहे का, हे पाहण्यासाठी मी काही पुस्तके पुन्हा काढली. हा लेख त्या वाचनाचा आहे.

आपल्या पंचांगात जनावरांना जागा आहे. दिवाळीची सुरुवातच वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेने होते. बैलाला बेंदूर आहे, पोळा आहे. सोलापूरजवळच्या बाळ्याच्या खंडोबाला चंपाषष्ठीला गर्दी होते, आणि खंडोबाचा वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवून घेतो. म्हणजे मान आहे, पण तो राबणाऱ्या, दूध देणाऱ्या किंवा देवाच्या जनावराला. दारातल्या बिनकामाच्या कुत्र्या-मांजराला तो नाही.

साहित्यातही थोडीबहुत अशीच वाटणी दिसते. सोलापूरच्या मातीतले मारुती चितमपल्ली 2006 साली याच शहरात भरलेल्या 79 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. रानातल्या पशुपक्ष्यांवर आयुष्यभर लिहिणाऱ्याचा तो योग्य सन्मान होता. घरातल्या प्राण्याच्या वाट्याला मात्र बहुधा विनोदी लेख येतो. पु. ल. देशपांडे यांचा ‘पाळीव प्राणी’ हा त्यातला सर्वात लाडका. तो प्राण्यांची टिंगल करतो असा अनेकांचा समज आहे. मला तसे वाटत नाही. त्यातला खरा नेम प्राणी पाळणाऱ्यांवर आहे. आपल्या कुत्र्याचे कौतुक पाहुण्यांवर लादणारी माणसे त्यात हास्यास्पद होतात. ‘आमचा’ या शब्दातली ऐट पु.लं.नी नेमकी पकडली आहे. म्हणजे हसू मालकीचे आहे, सोबतीचे नाही.

हा भेद हाती आला आणि आनंद यादवांची ‘गोतावळा’ मला वेगळी दिसू लागली. 1971 मधली ही कादंबरी यांत्रिकीकरणाची शोकांतिका म्हणून शिकवली जाते. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि एकेक जनावर मळ्यातून जाते. हे वाचन चूक नाही, पण अपुरे आहे. कादंबरी व्यापली आहे ती रोजच्या कामांनी. वैरण टाकणे, शेण काढणे, पाणी दाखवणे, अंगावरून हात फिरवणे. नारबा ही कामे कोल्हापूरकडच्या बोलीत अशा जिव्हाळ्याने सांगतो, की ती कष्टाची यादी न राहता सुखाची होते. पुढे येणाऱ्या दुःखाला वजन आहे ते या सुखामुळे. दोन्ही एकाच कामातून निपजतात. ज्या हाताने वैरण टाकली तोच हात रिकामा होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यातले एकही जनावर नारबाचे नाही. तो गडी आहे. जनावरे मालकाची. ती गेल्याने नारबाचे कागदोपत्री काहीच बुडत नाही. ज्याची मालमत्ता आहे तो हिशेब करून निश्चिंत राहतो. ज्याचे काहीच नाही तो उद्ध्वस्त होतो. बैलाचे दुःख पोटाचे आणि कुत्र्याचे दुःख चैनीचे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो खोटा नाही. बैल गेला की शेतकऱ्याची पेरणी अडते; माझे तसे काही अडले नाही. पण नारबाचे दुःख पोटाचे मानले तर कादंबरीच उरत नाही. ते सोबतीचे दुःख आहे, आणि तिथे बैल व कुत्रा यांत फरक करता येत नाही.

2008 च्या ‘टिंग्या’ या मंगेश हाडवळे यांच्या चित्रपटातही हीच फाळणी आहे. बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडून चितंग्या बैल निकामी होतो. कर्जात बुडालेल्या बापाला तो विकून दुसरा बैल आणल्याशिवाय गत्यंतर नाही. पोराचा प्रश्न साधा आहे: शेजारच्या आजारी म्हातारीवर उपचार करता, मग चितंग्याला खाटकाकडे का? बाप मालक आहे, पोर सोबती आहे. दोघेही खरे आहेत. ‘टिंग्या’चे मोठेपण असे, की तो बापाला खलनायक करत नाही.

‘गोतावळा’ वाचताना मात्र मी वर्षानुवर्षे नारबाच्या बाजूला बसत आलो. मालकाला दोष देणे सोपे होते. या उन्हाळ्यात ते अवघड झाले.

कुत्री मी आणली होती. आईला ती नको होती. घरात केस होतात, सोवळेओवळे राहत नाही, ही तिची तक्रार. पण बारा वर्षे शिळी भाकरी ताकात कुस्करून तिच्यापुढे ठेवली ती आईने. एप्रिलच्या उन्हात तिच्या गोणपाटावर पाणी मारले तेही आईनेच. मी संध्याकाळी फिरवत असे आणि ‘आमची कुत्री’ म्हणत असे. शेवटी तिचे मूत्रपिंड गेले, तिला उठवेना. डॉक्टरांनी विचारले, “इंजेक्शन देऊ या का? तिचे हाल थांबतील.” कागदावर सही माझी होती. मी आईला विचारले नाही. सही करणारा मालक, म्हणून विचारायचे सुचलेही नाही.

निर्णय चुकला असे मला आजही वाटत नाही. पण आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती ताकात भाकरी कुस्करताना दिसली. मधेच थांबली, मग ते ताट गल्लीतल्या कुत्र्यांपुढे ठेवून आली.

आमच्या घरातला नारबा कोण होता, ते मला त्या सकाळी कळले. मी कादंबरीतल्या दुसऱ्या बाजूला होतो.

समीक्षेसाठी यातून एक गोष्ट निघते. पाळीव प्राण्यांवरचे आपले बरेचसे लेखन मालक लिहितात. ज्याच्या नावावर प्राणी असतो त्याच्याच हाती लेखणी असते, म्हणून त्यात कौतुक फार आणि कामे थोडी. यादवांनी लेखणी गड्याच्या तोंडी दिली. हाडवळ्यांनी कॅमेरा पोराच्या उंचीवर आणला. घरातल्या कुत्र्या-मांजरांवरचे मोठे लेखन मराठीत व्हायचे असेल, तर ते भाकरी कुस्करणाऱ्या हाताकडून यावे लागेल. माझा हा लेखही मालकाचाच आहे, हे मला ठाऊक आहे. आईला मी तिची बाजू सांगायला म्हटले, तर ती म्हणाली, “त्यात काय लिहायचं? ती होती, तेव्हा होती.”