युरोपची व्हॅन, अमेरिकेची व्हॅन आणि शिरूर-दौंडचा टेम्पो : तुलना करताना नेमकं काय मोजायचं?

सिनॉप्सिसच्या शीर्षकात 'तुलनात्मक अभ्यास' हे शब्द टाकले की निम्मं काम झालं, असा आपल्याकडे एक समज आहे. दोन गावं घ्यायची, दोन बँका घ्यायच्या किंवा दोन योजना, मग तक्ता करायचा आणि टक्केवारी काढायची. अशी तुलना कुठे फसते हे बघायला आज मुद्दाम लांबचा विषय घेतोय: कारागिरांच्या मोठ्या व्हॅन. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार यांच्यासाठी युरोपियन व्हॅन चांगली की अमेरिकन, ही तुलना वाहनांच्या मासिकांत आणि व्हिडिओंत वर्षानुवर्षं चालू आहे. आधी ती तपासू, मग तिलाच शिरूर आणि दौंडला आणू.

तुलना काय सांगते?

अमेरिकन बाजूला शेवरोले एक्सप्रेस (१९९६ पासून) आणि फोर्डची जुनी इकोनोलाइन. वेगळी मजबूत चासी, मोठं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, छत बुटकं. युरोपियन बाजूला फियाट डुकाटो, फोर्ड ट्रान्झिट, मर्सिडीज स्प्रिंटर. उंच छत, आत माणूस ताठ उभा राहून काम करू शकतो. सर्वांत लांब एक्सप्रेसमध्ये सुमारे ८ घनमीटर माल मावतो, तर सर्वांत लांब आणि उंच ट्रान्झिटमध्ये जवळपास १४. उलट मागे ट्रेलर ओढायचा असेल, तर योग्य इंजिनाची एक्सप्रेस साडेचार टनांच्या आसपास ओढते आणि डुकाटोच्या जातीची गाडी तीन टनांपाशी थांबते.

इथपर्यंत ही तुलना उपयोगी आहे, हे मान्य करू. पुढच्या चाकांना ताकद दिली की खालून जाणारा दांडा लागत नाही, म्हणून डुकाटोची फळी जमिनीपासून खूप खाली असते. दिवसातून वीस वेळा चढ-उतार करणाऱ्याच्या गुडघ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. अडचण पुढे, निष्कर्ष काढताना येते.

पहिला आक्षेप: गटांची नावं

'युरोपियन' आणि 'अमेरिकन' हे दोन गट आज उरलेत का? स्प्रिंटर २००१ पासून अमेरिकेत विकली जाते. २०१३ मध्ये डुकाटोच 'रॅम प्रोमास्टर' या नावाने मेक्सिकोतल्या साल्तियोमध्ये तयार होऊ लागली. २०१४ मध्ये फोर्डने इकोनोलाइनची बंद व्हॅन थांबवली आणि कॅन्सस सिटीजवळ ट्रान्झिट बनवायला घेतली. म्हणजे अमेरिकन प्लंबर आज जी नवी व्हॅन घेतो, ती बहुतेक वेळा मूळची युरोपियन असते. जुन्या घडणीची एक्सप्रेस आणि तिची जुळी बहीण जीएमसी सव्हाना तेवढ्या उरल्या.

मग तक्त्यात जो फरक दिसतो तो खंडांचा की काळाचा? १९९६ ची घडण आणि अलीकडची घडण शेजारी ठेवायची आणि नाव द्यायचं 'अमेरिका विरुद्ध युरोप'! संशोधनाच्या भाषेत दोन चलं एकमेकांत मिसळली. उदाहरण लांब शोधायला नको. शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात जीप कंपास तयार होते. नाव अमेरिकन, भागीदार इटालियन आणि भारतीय, मजूर आपल्या पट्ट्यातले. तिला कुठल्या रकान्यात टाकाल?

दुसरा आक्षेप: मोजपट्टी कुठून आली?

युरोपात साध्या कारच्या लायसन्सवर साधारणपणे ३,५०० किलो एकूण वजनापर्यंतचीच गाडी चालवता येते. म्हणून कंपन्या वजन त्या रेषेखाली ठेवतात आणि जागा वाढवत नेतात. अमेरिकेत व्यावसायिक लायसन्सची अट सर्वसाधारणपणे २६,००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ११.८ टनांच्या पुढे लागते, आणि मागे ट्रेलर लावणं ही तिथली रोजची सवय. तुम्ही घनमीटर मोजलेत तर युरोप जिंकणार, ओढण्याची ताकद मोजलीत तर अमेरिका. मोजपट्टी निवडली तेव्हाच निकाल ठरला.

आपल्याकडे तर रेषाच वेगळी आहे. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं. ३,५०० किलोच्या दबावाखाली घडलेली गाडी इथे 'सर्वोत्तम' ठरवायला आधार काय?

तिसरा आणि मुख्य आक्षेप: नसलेली वस्तू मोजणं

आता शिरूरहून न्हावरे, चौफुलामार्गे दौंडला या. वाटेत एखाद्या प्लंबरची किंवा वायरमनची बंद व्हॅन, आत कप्पे, हत्यारं, बाक, अशी क्वचितच दिसेल. तशी गाडी भारतात बनत नाही असं नाही. फोर्सची ट्रॅव्हलर १९८७ मध्ये मर्सिडीजच्या टी-१ वरून आली, आणि युरोपात त्याच टी-१ ची जागा १९९५ मध्ये स्प्रिंटरने घेतली. टाटा विंगर (२००७) रेनॉ ट्रॅफिकवरून आली. 'टेम्पो' हा आपला शब्दसुद्धा जर्मन कंपनीचं नाव आहे, १९५८ च्या बजाज टेम्पोमुळे मराठीत रुळलेला. गाड्या आल्या, पण त्यांत प्रवासी बसले, शाळेची मुलं बसली, पेशंट झोपले. वर्कशॉप काही बसलं नाही.

घाईतला संशोधक इथे लिहील: 'कारागीर मागासलेले आहेत, भांडवल नाही.' भांडवलाचा प्रश्न खरा आहेच. पण जरा नीट बघा. तिकडची व्हॅन एकाच वेळी तीन कामं करते: गोदाम, वर्कशॉप आणि वाहतूक. इकडे ती कामं तिघांत वाटलेली आहेत. गोदाम म्हणजे चौकातलं हार्डवेअरचं दुकान, तेही बऱ्याचदा उधारीवर. कारागीर स्वतः पिशवी अडकवून मोटारसायकलवर. आणि पाइप, टाकी, पाण्याची मोटर यायची ती भाड्याच्या छोट्या हत्तीतून नाहीतर पिकअपमधून. उघडा हौद असल्यामुळे तीच गाडी सकाळी कांदा नेते आणि दुपारी सिमेंट. दिवसभर एकाच कारागिराच्या दारात उभी राहणं तिला परवडणारच नाही.

ही व्यवस्था आदर्श आहे असं म्हणण्याचं कारण नाही. एक कपलिंग विसरलं की पुन्हा तालुक्याला फेरी. टेम्पो वेळेवर नाही आला तर हेल्परचा रोज अंगावर. हा खर्च गाड्यांच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, आणि कर्ज काढून गाडी घ्यावी की नाही हे मात्र त्याच्यावरच ठरतं. व्हिडिओ बघून हप्त्याची गाडी घेणाऱ्याला घनमीटर कळतात, पण वाचणाऱ्या फेऱ्या कळत नाहीत.

मग प्रश्न कसा मांडायचा?

'कोणती गाडी चांगली' हे सोडा. अभ्यासाचं एकक 'गाडी' न ठेवता 'एक काम' ठेवा: एका कामामागे किती फेऱ्या, किती तास थांबणं, किती भाडं, किती उधारी. मग गट करा, पण खंडांच्या नावाने नको. रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत कंत्राट घेणारा इलेक्ट्रिशियन आणि वाड्या-वस्त्यांवर बोअरची मोटर काढणारा मेकॅनिक, हे दोन गट घ्या. पहिल्याला एकाच गेटवर रोज तीच हत्यारं लागत असतील, तर बंद व्हॅन त्याला परवडेल. दुसऱ्याला साखळीपुली आणि लांब पाइप न्यायचे असतात, म्हणजे उघडा हौदच बरा. हा अंदाज आहे, आणि तो चुकू शकतो. म्हणूनच तो तपासण्यासारखा आहे.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'तुलनात्मक' हा शब्द असेल, तर गाईडकडे जाण्याआधी तीन ओळी लिहून काढा: हे गट कोणी पाडले, ही मोजपट्टी कोणाच्या नियमातून आली, आणि जे 'नाही' असं मी लिहितोय त्याचं काम इथे कोण करतंय? तिसऱ्या ओळीचं उत्तर टेबलावर बसून मिळणार नाही. त्यासाठी सकाळी आठला हार्डवेअरच्या दुकानासमोर उभं राहावं लागेल.