शंभरातले नव्वद

जीवनमान मोजणाऱ्या प्रश्नावल्यांचे एक ऋण मी मानतो: डॉक्टरला काय दिसते यावर न थांबता रोग्याला काय जमते, हे त्यांनी रोग्यालाच विचारले. ‘एसएफ-३६’ ही त्यांतली नावाजलेली. १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली, छत्तीस प्रश्नांची.

माझा आक्षेप तिच्या बेरजेवर आहे. शारीरिक क्षमतेचे तिच्यात दहा प्रश्न. धावणे, जिने चढणे, मैलभर चालणे, वाकणे, आंघोळ वगैरे. मध्यम श्रमांची मूळ उदाहरणे व्हॅक्यूम क्लीनर ढकलण्याची, गोल्फ खेळण्याची. भाषांतरात उदाहरणे बदलता येतात, हिशेब तोच राहतो: दहाही प्रश्नांना सारखेच वजन.

आता परभणी जिल्ह्यातली खुरपणीला, कापूस वेचायला जाणारी बाई घ्या. नऊ गोष्टी तिला विनासायास जमतात, वाकणे तेवढे जमत नाही. या दहा प्रश्नांत तिला शंभरपैकी नव्वद गुण पडतात. तिची मजुरी मात्र बुडते.

कामातल्या अडचणींचे प्रश्न वेगळे आहेत, हे खरे. पण ते गेल्या चार आठवड्यांपुरते. ऐन वेचणीत विचारले तर एक उत्तर, वैशाखात रान मोकळे असताना विचारले तर दुसरे.

कोणत्या उपचारावर पैसा खर्चावा, हे ठरवताना असे गुण हिशेबात धरले जातात. म्हणून माझी मागणी साधी आहे. गुणांशेजारी दोन गोष्टी छापाव्यात: माणूस पोटासाठी कोणते काम करतो, आणि त्याला कोणत्या महिन्यात विचारले.